मुकाट मूल

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. पण मुलांच्या रडण्यालाही इतिहास आहे. आणि तो घडवणाऱ्यांत बॉयलर सांभाळणारा एक माणूस होता, याचे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना फार अप्रूप वाटते.

त्याचे नाव जेम्स रॉबर्टसन. स्कॉटलंडमधल्या कामगार घरातला. १९४१ साली, महायुद्धाच्या काळात, लंडनमधील ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात तो कामाला लागला. मुलांविषयी जे दिसेल ते प्रत्येकाने टिपून ठेवायचे, असा तेथे दंडक होता. आयांप्रमाणे बॉयलरवाल्यानेही!

पुढे १९४८ साली जॉन बोल्बी यांनी त्याला रुग्णालयांतील मुलांचे निरीक्षण करण्यास नेमले. त्या काळी काही रुग्णालयांत आईबापांना आठवड्यातून एकदाच भेट मिळे. परिचारिका म्हणत, मूल आधी रडते, मग रुळते. रॉबर्टसनला निराळेच दिसले. मूल आधी आकांत करते, मग खचते, शेवटी मन मिटून घेते. आई आली तरी तोंड फिरवते. हेच ते ‘रुळणे’! १९५२ साली त्याने अडीच वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस चित्रपटात टिपले. ती फारशी रडत नाही, रडू आवरू पाहते. पुष्कळ डॉक्टर चित्रपट पाहून संतापले. पण १९५९ साली इंग्लंडमधील प्लॅट समितीने भेटीवरची बंधने काढण्याची शिफारस केली.

यातून बोध काय घ्यायचा? तान्ह्या बाळाजवळ स्वतःचा आवर नसतो. तो त्याला ओळखीच्या कुशीतून मिळतो. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास ते आपले-परके ओळखू लागते. दोन-तीन वर्षांचे झाले की जमिनीवर लोळण घेते. शब्द आले की राग बोलून दाखवू लागते, शाळेत थोडे थांबायला शिकते. कुमारवयात भावनांना पूर येतो, आणि त्यांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीनंतरही पक्व होत राहतो. म्हणून मिसरूड फुटलेल्या पोरालाही न चिडता ऐकून घेणारे वडीलधारे माणूस लागतेच. आधी उसना आवर, मग स्वतःचा, असा हा क्रम आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ती संख्या तिसांवर आणली. खोली हवी, शिकलेली बाई हवी, हे कायद्याने सांगितले. पण तीच बाई रोज हवी, हे मुलाला कळते, कायद्याला कळले नाही. दर महिन्याला आया बदलणाऱ्या पाळणाघरात मुले शांत बसलेली दिसली, तर तपासणीस खूश होतो. आम्हांला मात्र धास्ती वाटते.

पाळणाघरातल्या बाईची नोकरी कायम करा, ही मागणी निव्वळ पगाराची नव्हे. ती मुलाच्या वतीनेही केलेली आहे. त्याला स्वतःला ती मांडता येत नाही.