कोळसा-पाणी

चाळिशी उलटलेल्या बँक कारकुनाच्या अंगावर एक ठेव अशी असते, की ती वाढत जाते पण काढायला कोणी येत नाही. ती पोटावर असते. माझी ठेव एका डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "पळा." तेवढ्या एका शब्दाचे त्यांनी पाचशे रुपये घेतले. म्हटलं, पैसे वसूल करायचे तर पळायलाच हवं.

आता डोंबिवलीकराला पळणं नवीन नाही. तो रोज सकाळी ८ वाजून काही मिनिटांच्या लोकलमागे पळतच असतो. पण ते पळणं शे-दोनशे पावलांचं, आणि त्याला बरोबर काही न्यावं लागत नाही. रविवारी पहाटे घरडा सर्कलपाशी जमणारी मंडळी पळतात ती २०-२० किलोमीटर, आणि त्यांच्या अंगावर एवढं सामान असतं की ते पळायला निघालेत की बिऱ्हाड हलवायला, कळत नाही. कमरेला चार बाटल्यांचा पट्टा, पाठीवर दीड लिटरची पिशवी, तिची नळी तोंडाशी, खिशात खजूर, चिक्की आणि 'जेल' नावाचा एक चिकट पदार्थ. (जेल म्हणजे पाकीटबंद काकवी. फरक इतकाच, की काकवी परवडते.)

मी हे सगळं विकत आणून दिवाणखान्यात चढवून पाहत होतो, तेव्हा शेजारचे काका आले. वय ८४. एके काळी दौंड-मनमाड मार्गावर वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "टेंडर लावलंत की हो!"

टेंडर म्हणजे इंजिनाच्या मागे जोडलेली कोळसा-पाण्याची गाडी. काका सांगू लागले आणि माझ्या ध्यानात आलं, की लांब पळणाऱ्याचा सगळा प्रश्न आमच्या या रुळांवर फार पूर्वीच उभा राहिला होता. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, पुढे तीन इंजिनं. ठाणं अवघं २१ मैल. तरीसुद्धा वाटेत शीवला गाडी थांबवून इंजिनांना पाणी पाजावं लागलंच. म्हणजे हिंदुस्थानातला पहिला पाणीथांबा शीवचा! पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी कल्याणला पोचली. तिथून पुढे घाट, म्हणजे आणखी कोळसा, आणखी पाणी.

"एक लक्षात ठेवा," काका म्हणाले. "कोळसा संपला तर गाडी नुसती थांबते. पण बॉयलरमधलं पाणी उतरलं ना, तर इंजिन फुटतं."

हे मी वहीत लिहून घेतलं.

माणसाच्या बाबतीत मात्र शहाण्यासुरत्या लोकांनी नेमका उलटा हिशेब मांडला होता. १९०४ ची सेंट लुईसची ऑलिंपिक मॅरेथॉन घ्या. रणरणतं ऊन, धुळीचा रस्ता, पुढे मोटारींचा धुरळा. आणि संयोजक जेम्स सलिव्हन यांना पाण्यावाचून माणूस किती पळतो तेच बघायचं होतं! साधारण १२ मैलांवर एक विहीर होती, म्हणजे बारा मैल तहान साठवायची आणि मग पोहरा शोधायचा. ३२ जण सुटले, १४ पोचले. पहिला आलेला थॉमस हिक्स पाणी पाणी करत होता, तर त्याच्या माणसांनी त्याचं तोंड नुसतं ओल्या स्पंजने पुसलं आणि पोटात अंड्याच्या पांढऱ्यातून काय दिलं? स्ट्रिक्निन! म्हणजे कुचल्याचं विष. वर ब्रँडी. तो जिंकला हे खरं, पण जिवंत राहिला हे त्याहून मोठं बक्षीस. चारच वर्षांनी लंडनला हवा पालटली. तिथे ऑक्सो कंपनीने वाटेत मांसाचा अर्क, तांदळाची खीर, मनुका, केळी, सोडा असा बेत मांडला होता. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही एवढ्या पोटी पळायची पाळी येत नाही.

आणि आपला माणूस? तोही होता. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती झाल्या. अध्यक्ष दोराबजी टाटा. लांब पल्ल्याची शर्यत सुमारे २५ मैलांची. पळणारे शेतकरी, पाय अनवाणी, आणि वेळ अशी की युरोपातल्या वेळांशी तिची तुलना व्हावी. टाटांनी हे पुढे एका पत्रात नमूद करून ठेवलं आहे. त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपली मंडळी गेली. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन पळाले. अंतर नेहमीपेक्षाही जास्त, सुमारे साडेसव्वीस मैल. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, क्रमांक १९ वा. मी हा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मला डोंबिवलीहून शिळफाट्याला जाऊन यायला यापेक्षा जास्त वेळ लागला होता, आणि माझ्या पायात सात हजारांचे बूट होते.

पुढेही पाण्याशी वैर सुटलं नाही. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत चक्क लिहिलेलं होतं, की पहिले १५ किलोमीटर खाणंपिणं नाही, आणि स्वतःजवळ बाळगायचं तर नाहीच नाही. तहान लागणं हा दुबळेपणा समजत. मग १९६५ मध्ये फ्लॉरिडात डॉ. रॉबर्ट केड यांनी विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंसाठी मीठ-साखर-लिंबाचं पाणी तयार केलं. त्या विद्यापीठाच्या संघाचं नाव गेटर्स, म्हणून ते गेटोरेड. ज्याला आपण लिंबूसरबत म्हणतो, त्याचा त्यांनी धंदा केला. उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवून मग पाण्याचा तांब्या पुढे करणारी माझी आजी प्रयोगशाळेत गेली नव्हती, एवढंच.

कोळशाचा हिशेब मला लगेच कळला, कारण तो बँकेचाच आहे. शरीराची दोन खाती. साखरेचं चालू खातं: पटकन पैसे मिळतात, पण शिल्लक साधारण २००० कॅलरींची, ३० किलोमीटरच्या आसपास खडखडाट. दुसरी चरबीची मुदत ठेव: रक्कम प्रचंड, पण खिडकीवरचा माणूस माझ्यासारखाच, सावकाश मोजणारा. म्हणून वाटेत चिक्की.

पाण्याचा हिशेब मात्र चुकला. काकांचं वाक्य डोक्यात बसलेलं. पहिल्या मोठ्या धावेला, इंजिन फुटू नये म्हणून मी दर किलोमीटरला पीत सुटलो. पट्टा रिकामा केला, टपरीवर भरला, पुन्हा रिकामा केला. शिळफाटा गाठला तेव्हा पोटात डचमळत होतं, डोकं गरगरत होतं आणि लग्नातली अंगठी बोटात रुतली होती. मी दुभाजकावर बसलो. गृहकर्जाचे किती हप्ते उरलेत ते आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला आपल्याच कर्जाचे हप्ते आठवेनात, तेव्हा मी खरा घाबरलो. वडापावच्या गाडीवरच्या पोऱ्याने माझ्याकडे बघून मिठात घोळलेल्या दोन तळलेल्या मिरच्या हातावर ठेवल्या. त्या खाऊन अर्धा तास बसलो, मग रिक्षाने घरी.

डॉक्टर (आणखी पाचशे) म्हणाले, नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं; तसं झालेलं असणार. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं असंच झालेलं आढळलं, आणि त्या शर्यतीत एका २८ वर्षांच्या मुलीचा त्यातच अंत झाला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पिऊ नका म्हणून सांगत, मग पीत राहा म्हणून सांगू लागले, आणि आता सांगतात, तहान लागेल तेव्हा प्या. हे शेवटचं आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. काकांना सगळं सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "बॉयलर काठोकाठ भरत नसतात हो. पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, इंजिन खोकायला लागतं. काचेची नळी कशाला लावलेली असते?" हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं.

आता मी पट्टा घालत नाही. पाठीवर एक लिटर, खिशात मीठ-साखरेची पुडी आणि गूळ-शेंगदाणे. गेल्या मे महिन्यात परत येताना निळज्याच्या बाजूला रस्त्याकडेला टँकर उभा होता. कॅन, हंडे, बादल्यांची रांग. एका बाईंच्या डोक्यावर एक हंडा, कमरेवर दुसरा. भरलेला हंडा १५ किलोच्या खाली नसतो, आणि वाट चढाची. त्या माझ्याकडे आणि माझ्या पाठीवरच्या नळीकडे बघत राहिल्या.

"दादा, पाणी घेऊन कुठं पळताय?"

"कुठं नाही, असंच. परत घरीच."

"घरी नळ हाय?"

"आहे."

बाईंनी शेजारणीकडे पाहिलं. दोघी इतक्या हसल्या की हंड्यातलं पाणी हिंदकळलं. मी पाठीवरची पिशवी काढली. अजून निम्मी होती. ती खाली ठेवलेल्या त्यांच्या कॅनमध्ये ओतली.

बाई म्हणाल्या, "उद्या पण पळा."