हिराकसापासून टॉनिकपर्यंत

कारेगावात नगर रस्त्याला एमआयडीसीची वर्दळ, आणि रस्ता सोडून आत वळलं की कांद्याची रानं. सकाळी घरी कुणाला हाक मारावी तर उत्तर येतं, "औषध मारायला गेलाय." पंपात पाहावं तर एकोणीस-एकोणीस, नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी. म्हणजे खतच की! पण खत टाकतात, औषध मारतात. पाठीवर पंप चढला की खताचं औषध होतं. कृषी सेवा केंद्रवाला तर त्याला टॉनिक म्हणतो.

बोलणारे चुकत नाहीत. पानावरचं खत जन्मलं ते औषध म्हणूनच. 1843-44च्या सुमारास फ्रान्समध्ये युझेब ग्री या रसायनज्ञानं पिवळ्या पानांना लोहक्षाराचं पाणी लावलं आणि पानं हिरवी झाली. तसला क्षार आपल्याला परका नाही. हिराकस तो, शाई करणाऱ्यांचा, कापड रंगवणाऱ्यांचा.

शिरा हिरव्या आणि मधलं पान फिकट, अशा पिवळेपणाला उसात आपण केवडा म्हणतो. (काकडी-दोडक्यावरचा केवडा निराळा. ती बुरशी, तिला हिराकस पाजून उपयोग नाही.) चुनखडीच्या रानात लोह भरपूर असतं, पण विरघळत नाही, ताट वाढलेलं आणि मुळं उपाशी. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस टाकायचा आणि लिंबू पिळायचं. आंबटपणामुळे लोह गंजून तळाशी बसायचं थांबतं.

पानातून घेतलेलं झाडभर फिरतं, हे नीट दिसायला मात्र पुढं शंभर वर्षं गेली. 1950च्या दशकात अमेरिकेत मिशिगनला टकी आणि विटवर या संशोधकांनी किरणोत्सारी स्फुरद पानावर लावलं आणि झाडातून त्याचा माग काढला. पान जेवू शकतं म्हटल्यावर औषधाला खताची स्वप्नं पडू लागली. 2021 साली इफकोचा नॅनो युरिया आला: 500 मिलीची बाटली, 45 किलोच्या पोत्याला पर्याय. आता हिशेब करा. बाटलीत तेव्हा 4 टक्के नत्र, म्हणजे 20 ग्रॅम. पोत्यात 20 किलोच्या वर. लोह, जस्त, बोरॉन पिकाला ग्रॅमात लागतात, तिथं पान पुरतं. नत्राची भूक किलोंची. ती मुळांनीच भागवावी. फवारणी फार तर जोडीला.

त्यात कांद्याची पात उभी, गोल, मेणचट. फवारा बसतो कुठं? अळवावरचं पाणी बरं, असा थेंब घरंगळतो. म्हणून पंपात स्टिकर, म्हणजे थेंब पानाला चिकटवणारं द्रव्य, घालतात. तो संपलेला असला की घरातली कपडे धुवायची पावडर चिमूटभर जाते, आणि झाकण लावायच्या आत पंप फेसानं भरून येतो.