षटकार कोणाचा मोठा? ओट्यावरच्या एका वादाची तपासणी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-नाशिकला गेलेली पोरं जामनेरात परत येतात आणि रात्री जेवणं उरकली की ओट्यावर बैठक बसते. गेल्या दिवाळीत वाद निघाला तो क्रिकेटचा. महाराष्ट्राच्या संघात आजवर सर्वांत लांब फटके मारणारा फलंदाज कोण? माझा पुतण्या ऋतुराज गायकवाडच्या नावावर पैज लावायला तयार. ऐंशी ओलांडलेले आमचे एक निवृत्त गुरुजी भाऊसाहेब निंबाळकरांच्या नावावरून तसूभर हलेनात. "तू पाह्यलं का रे निंबाळकरांना खेळतांना?" गुरुजींनी विचारलं. "गुरुजी, तुम्ही तरी कुठं पाह्यलं?" पोरगं म्हणालं. ओटा हसला, पण मला ते उत्तर लागलं. दोघांनीही न पाहिलेल्या गोष्टीचा निवाडा करायचा तर तो कागदावरून करावा लागतो. मी इतिहासाची पदवी घेतलेला माणूस नाही. पण कागद वाचायची सवय आहे. म्हणून ही तपासणी.

आधी एक खुलासा. आपल्या राज्यात क्रिकेटचे संघ तीन: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. जळगाव जिल्हा येतो तो महाराष्ट्र संघात. मुंबईचे पराक्रम आपण उसने घेतो, पण आपलं घर हे आहे. या घराने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ साली, आणि दोन्ही वेळा कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर.

आता कागद. देवधरांनी १९४० साली पुण्यात मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईने ६५० धावांनी उत्तर दिलं. विजय हजारे त्याच सुमारास महाराष्ट्राकडून खेळत. बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केल्या. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी नऊ धावांवर होती. विश्रांतीच्या वेळी काठियावाडच्या कर्णधाराने आपला संघ पुढे खेळणार नाही असं सांगून सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही.

दुसऱ्या बाजूला २८ नोव्हेंबर २०२२. अहमदाबादेत विजय हजारे करंडकाच्या उपउपांत्य सामन्यात उत्तर प्रदेशविरुद्ध ऋतुराजने १५९ चेंडूंत नाबाद २२० केल्या. एकोणपन्नासाव्या षटकात त्याने सात षटकार मारले; एक चेंडू नोबॉल होता, म्हणून सहाचे सात झाले.

इथपर्यंत ओट्यालाही माहीत होतं. मी पुढे साधा हिशेब केला. ऋतुराजच्या डावात १० चौकार आणि १६ षटकार. म्हणजे १३६ धावा सीमारेषेवरून आल्या, उरलेल्या ८४ पळून. निंबाळकरांच्या डावात ४९ चौकार आणि षटकार फक्त एक. म्हणजे २०२ धावा सीमारेषेवरून आणि तब्बल २४१ पळून. नुसते षटकार मोजले तर गुरुजींचा दावा १६ विरुद्ध १ असा पडतो. पण निकाल इतका सोपा नाही. आकडा वाचण्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: नियम काय मोजत होता? इंग्लंडात १९१० पूर्वी षटकार मिळवायला चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागे. सीमारेषेपलीकडे नुसता टप्पा पडला तर चारच धावा. म्हणजे त्या काळच्या फलंदाजाचा फटका तितकाच लांब असूनही वहीत चौकार लागे. असाच वाद अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलवरून चालतो. पीट मॅराविच या खेळाडूने १९६७ ते १९७० या तीन हंगामांत लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून ३,६६७ गुण केले. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा तिथल्या कॉलेजांत सरसकट आली १९८६-८७ साली. त्यामुळे मॅराविचने कितीही लांबून चेंडू टाकला तरी गुण दोनच. पुढे २०२४ मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने त्याचा आकडा ओलांडला. तिला ती रेषाही मिळाली आणि चौथा हंगामही. तिथले रसिकही आपल्या ओट्यासारखेच भांडतात, आणि त्यांचं भांडण मिटत नाही याचं कारण दोघांची मोजपट्टीच वेगळी आहे.

दुसरा प्रश्न: हातात काय होतं? आजच्या बॅटची कड इतकी जाड झाली की २०१७ मध्ये नियम करून ती ४० मिलिमीटरवर रोखावी लागली. सीमारेषेचा दोर आत ओढलेला असतो. सामना ५० षटकांचा, म्हणून विकेट गेली तरी चालेल पण धावा हव्यात. निंबाळकरांच्या सामन्याला असं षटकांचं बंधन नव्हतं. तिथे चेंडू हवेत मारणं म्हणजे विनाकारण जोखीम. त्यांचा एकच षटकार ताकद कमी असल्याची खूण नाही. ती त्या काळच्या शहाणपणाची खूण आहे.

पण हे कारण देऊन जुन्यांना सगळं माफ करू नये. नागपूरचे सी. के. नायुडू आपल्या संघाचे नव्हेत, तरी साक्षीला बोलावतो. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी हिंदू संघाकडून एमसीसीविरुद्ध दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या, त्यांत ११ षटकार होते. जुन्या बॅटनेही हे जमत होतं. म्हणजे काळ आड येतो, पण माणूस तो ओलांडूही शकतो.

तिसरा प्रश्न: लिहून कोणी ठेवलं? याच नायुडूंचा १९३२ सालचा बर्मिंगहॅममधला एक षटकार रे नदीपार गेला, म्हणजे एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत पडला, अशी आख्यायिका आहे. चेंडू मोजपट्टीने कोणी मोजला नाही. ११ षटकार हा इतिहास आहे, नदीपारचा षटकार ही आठवण. दोन्ही जपाव्यात, पण एका कप्प्यात ठेवू नयेत.

हा प्रश्न मला टोचतो, त्याला कारण आहे. ऐंशीच्या दशकात कांग नदीच्या काठी टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरत. मी बॅट धरण्यात सुमार, म्हणून धावफलकाची वही माझ्याकडे. आमच्यात एक डावखुरा होता. त्याचा फटका नदीपार जाई असं आजही सांगतात. एकदा त्याने पी.जे.च्या गाडीच्या डब्यावर चेंडू मारला असंही सांगतात. ती गाडी आता बंद आहे आणि तो माणूसही गेला. त्याच्या मुलाने वडिलांच्या नावाने स्पर्धा भरवायची ठरवली आणि माझ्याकडे आला. "काका, बॅनरवर टाकायचंय. बाबांचे एका मोसमात जास्तीत जास्त षटकार किती?" वही असती तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण घर बदलताना मीच ती रद्दीत दिली होती. "खूप होते रे," एवढंच म्हणालो. तो मान हलवून गेला. इतिहासाची आवड सांगणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी चपराक नसावी.

म्हणून माझा निवाडा असा. कागदाने सिद्ध झालेला लांब फटक्याचा मान ऋतुराजचा; पुतण्या जिंकला. महाराष्ट्राचा सर्वांत मोठा डाव मात्र निंबाळकरांचा. रणजी करंडकात त्यापुढे आजवर कोणी गेलेलं नाही, आणि त्यातल्या २४१ धावा पळून काढलेल्या आहेत हे गुरुजींनी पुढच्या वादात जरूर सांगावं. आणि गंमत पाहा, ऋतुराजचे सात षटकार ज्या करंडकात लागले त्याला नाव हजारेंचं, याच घराच्या जुन्या फलंदाजाचं.

आमच्या डावखुऱ्याचा दावा मी निकालात काढू शकत नाही. तो चूक आहे म्हणून नव्हे, मी कागद गमावला म्हणून. खानदेशात गावोगावी अशा स्पर्धा झाल्या, कोणीतरी मांडी घालून वह्या भरल्या. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत अशी वही असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नका. निदान आधी मला दाखवा.