एकाच ओळीतले खरे आणि खोटे

साहित्याच्या अभ्यासकांना आप्तवाक्याचा मोह चांगलाच परिचित आहे. थोर ग्रंथकाराने प्रस्तावनेत एखादे विधान करावे आणि पुढील पिढ्यांनी ते न तपासता उद्धृत करीत राहावे, हे आपण अनेकदा पाहिलेले असते. गणितात मात्र असे घडत नसावे, अशी आपली समजूत. एका ३९ अंकी मूळसंख्येचा इतिहास ही समजूत दूर करतो.

१६४४ साली पॅरिसमध्ये मारँ मेर्सेन या ख्रिस्ती साधूचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यास मूळसंख्या केव्हा मिळते, याची यादी त्याने प्रस्तावनेत दिली. २५७ पर्यंत असे घातांक अकराच : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. पंधरा-वीस अंकी संख्या तपासायला सारा काळही पुरणार नाही, अशी कबुलीही त्याने दिली होती. तरीही यादी प्रमाण मानली गेली. त्यातील ३१ चा दावा ऑयलरने १७७२ साली सिद्ध केला.

१२७ व्या घातातून मिळणारी संख्या अशी : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. हिचे वर्गमूळच वीस अंकी; एकेक विभाजक लावून पाहणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे. १८७६ साली एदुआर ल्युकाने विभाजक शोधण्याचा मार्गच सोडला. त्याच्या रीतीला पुढे लेमरने सुटसुटीत रूप दिले. ३१ चे उदाहरण घेऊ. ४ चा वर्ग करून २ वजा केल्यास १४ येतात; १४ चे तसेच केल्यास १९४, त्यांना ३१ ने भागून बाकी ८; ८ चे तसेच केल्यास ६२, आणि बाकी शून्य. ३१ हा पाचव्या घातातून येतो, म्हणून पायऱ्या तीन. तिसऱ्या पायरीला शून्य आले, म्हणून ३१ मूळ. १२७ साठी अशा पायऱ्या १२५.

ल्युकाने १२७ चा दावा खरा ठरवला, आणि त्याच वर्षी ६७ चा खोटा. ६७ व्या घातातून येणारी संख्या संयुक्त आहे हे कळले, पण तिचे अवयव हाती आले नाहीत. ते १९०३ साली कोलने दाखवले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. पुढे २५७ ही चुकीचा निघाला. ६१, ८९ आणि १०७ यादीतून सुटले होते. संपूर्ण यादीची तपासणी १९४७ साली संपली, म्हणजे ३०३ वर्षांनी.

मग १२७ चे श्रेय मेर्सेनला द्यावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. ६७ आणि १२७ एकाच ओळीत, एकाच अधिकारवाणीने लिहिले गेले. त्यांतील एक खरा निघाला, यावरून लिहिणाऱ्याला तो ठाऊक होता असे ठरत नाही. तरीही तपासण्याजोगे नेमके विधान त्याने केले, हे ऋण उरतेच. २०२४ साली सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळसंख्येची खात्रीही ल्युकाच्याच रीतीने केली गेली. वर्गात एखादे मत ‘सर्वमान्य’ म्हणून सांगताना आपण कोणाच्या बाजूला उभे असतो, यादीच्या की पडताळणीच्या, हे स्वतःला विचारून पाहावे.