जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरीन आणि अचानक बंद पडलेल्या किडन्या

किडनी निकामी झाली म्हटले की आपल्याला जुना मधुमेह किंवा रक्तदाब आठवतो. पण चांगली चालणारी किडनीही दोन-चार दिवसांत बंद पडू शकते. महाराष्ट्राने हे १९८६ साली पाहिले.

त्या वर्षीच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. ते किडनीच्या आजारासाठी आलेले नव्हते. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरीन दिले होते. त्यानंतर त्यांच्या किडन्या बंद पडल्या. हे ग्लिसरीन औषधी दर्जाचे नव्हते. ते कारखान्यात वापरायचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होते. एमआयडीसीत काम करणाऱ्यांना 'इंडस्ट्रियल ग्रेड' म्हणजे काय ते सांगायला नको. दोन्ही द्रव रंगहीन आणि गोडसर असतात, नजरेला फरक कळत नाही.

हे रसायन पोटात गेले की यकृतात त्याचे डायग्लायकॉलिक अ‍ॅसिड बनते आणि ते किडनीतील बारीक नलिकांच्या पेशी मारते. लघवी कमी होते, रक्तात पोटॅशियम व आम्ल वाढते, फुफ्फुसात पाणी साठते. पोटॅशियम फार वाढले तर हृदय थांबू शकते. डायलिसिसने जीव वाचला तरी काही दिवसांनी नसांवर परिणाम दिसू शकतो: चेहरा लुळा पडणे, हातापायांची ताकद जाणे, ऐकू कमी येणे.

जे. जे. प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. खरे तर हा धोका जगाला आधीच माहीत होता. १९३७ साली अमेरिकेत याच रसायनात बनवलेल्या औषधाने १०० हून अधिक माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा कडक कायदा झाला. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातील याच विषाने २० हून अधिक मुले दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते.

बारामती-इंदापूरकडे कारणे बहुधा वेगळी असतात. उन्हात काम करून किंवा जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी होणे, त्यात वेदनाशामक गोळ्या घेणे, उसाच्या फडात घोणस चावणे, मुतखड्याने किंवा प्रोस्टेटने लघवी अडणे. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने गरजेची असतात, पण ती किडनी आणि कान दोन्हींना इजा करू शकतात. ती चालू असताना कानात आवाज येऊ लागला, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

घरी काय पाहाल? आजारपणात किंवा नवे औषध सुरू केल्यावर लघवी खूप कमी झाली, पाय-चेहरा सुजला, धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लहान मुलाने सहा-आठ तास लघवी केली नाही, तर थांबू नका. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि पाकिटे सोबत न्या. लहान मुलांना खोकल्याचे औषध मनाने देऊ नका. अचानक बिघडलेली किडनी वेळेत उपचार मिळाले तर अनेकदा पुन्हा काम करू लागते, म्हणून लघवी कमी झाल्याचे लवकर लक्षात येणे महत्त्वाचे.