म्हाताऱ्या मांजरांची घरातली शुश्रूषा : दोन-तीन आजारी मांजरे एकत्र असताना

घरात राहणारे मांजर आता १५ वर्षे सहज जगते, काही १८-२० वर्षांचीही होतात. त्यामुळे एकाच सुमारास आणलेली दोन-तीन मांजरे एकाच सुमारास म्हातारी होतात आणि प्रत्येकाचे दुखणे वेगळे निघते. मुले नोकरी-शिक्षणासाठी बाहेर गेली आणि मांजरे आई-वडिलांकडे राहिली, अशी घरे आपल्याकडेही आहेत. त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे दिली आहे.

अशा घरात सर्वांत जपायचे ते सरमिसळीला. कोणी खाल्ले, कोणाला गोळी गेली, ट्रेमधली लघवी कोणाची, हे कळेनासे होते. म्हणून प्रत्येक मांजराचा हिशेब स्वतंत्र ठेवावा.

नेहमी आढळणारे आजार

* किडनीचा आजार : दहा वर्षांवरील मांजरांत हा फार आढळतो. पाणी जास्त पिणे, लघवी वाढणे, वजन उतरणे ही लक्षणे.
* थायरॉईड वाढणे : भूक भरपूर, तरी मांजर वाळत जाते, अस्वस्थ असते, ओकते. याचे औषध सुरू झाल्यावर झाकलेला किडनीचा आजार उघड होऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी पुन्हा करावी लागते.
* मधुमेह : तहान, लघवी आणि भूक तिन्ही वाढतात. बहुतेकदा दिवसातून दोनदा इन्सुलिन लागते.
* संधिवात : मांजर कण्हत नाही. फक्त खिडकीत उडी मारणे सोडते, अंग चाटून स्वच्छ ठेवत नाही किंवा ट्रेबाहेर घाण करते.

वही आणि वजनकाटा

प्रत्येक मांजराला वहीचे वेगळे पान द्यावे. खाणे, औषध, उलटी, शी-लघवी रोज लिहावी. आठवड्यातून एकदा तान्ह्या बाळाच्या वजनकाट्यावर वजन करावे. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम कमी होणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो कमी होणे. अंगावरच्या केसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसते. मांजर गाढ झोपलेले असताना मिनिटाला श्वास किती, तेही मोजावे. ते सतत ३० च्या वर असतील तर डॉक्टरांना कळवावे.

ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा. संधिवाताच्या मांजरासाठी त्याची एक बाजू बुटकी हवी.

जेवण

किडनीच्या आजारात फॉस्फरस कमी असलेले खाणे देतात, मधुमेहात प्रथिने जास्त आणि पिष्ट पदार्थ कमी. एकाचे पथ्य दुसऱ्याला चालत नाही. म्हणून वेळा ठरवाव्यात, वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून वाढावे आणि अर्ध्या तासाने बश्या उचलाव्यात. ज्याला थोडे थोडे खायची सवय आहे त्याला दिवसातून चार-पाच वेळा वाढावे. नवे खाणे जुन्यात मिसळून दोन-तीन आठवड्यांत बदलावे. पथ्याचे खाणे तोंडातही घेत नसेल तर उपाशी ठेवू नये. मांजर दोन दिवस उपाशी राहिले तर यकृतावर परिणाम होऊ शकतो.

कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. आमटी, रस्सा, बिर्याणीतले मटण देऊ नये. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही.

औषधे

* प्रत्येक मांजराचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवावा. औषध देताक्षणी वहीत खूण करावी. घरात दोघे देणारे असतील तर हे फार आवश्यक आहे, नाहीतर दोनदा दिले जाते.
* आपल्याकडे इन्सुलिन यू-४० आणि यू-१०० अशा दोन तीव्रतांचे मिळते आणि सिरिंजही वेगवेगळ्या असतात. यू-१०० इन्सुलिन यू-४० सिरिंजमध्ये भरले तर मात्रा अडीचपट जाते. बाटली आणि सिरिंज जुळते का, हे दरवेळी पाहावे. मांजर जेवले नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीची मात्रा टोचू नये.
* त्वचेखाली सलाईन द्यायचे असेल तर डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे. दरवेळी, दर मांजराला नवी सुई वापरावी.
* पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन किंवा डोलो, मांजराला कधीही देऊ नये. एक गोळीही जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली गोचीड-पिसवांची औषधेही वर्ज्य.

हैदराबादचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि किडनीच्या मांजराच्या शरीरातले पाणी लवकर कमी होते. प्रत्येक खोलीत पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि ते दिवसातून दोनदा बदलावे. ओले खाणे वाढवावे. इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावे. दारात किंवा बर्फाच्या कप्प्याजवळ नको.

सणवार आणि गावी जाणे

गणपतीत येणाऱ्या पुष्पगुच्छांत लिली असेल तर ती घरात ठेवू नये. तिचे पान किंवा पराग पोटात गेले तरी किडनी निकामी होऊ शकते. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत सोय करावी. पुण्या-मुंबईला जायचे असल्यास सांभाळणाऱ्याला आधी दोन दिवस बोलावून आपल्यासमोर औषध द्यायला लावावे आणि वही त्याच्या हाती द्यावी.

उपचार कोठे

नारायणगुड्याला सरकारी सुपर स्पेशालिटी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. राजेंद्रनगरला पी. व्ही. नरसिंहराव तेलंगणा पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. रोजच्या देखरेखीसाठी घराजवळचे एकच डॉक्टर ठरवावेत, म्हणजे जुने अहवाल त्यांच्याकडे राहतात. रात्री कोणाकडे जायचे, हे आधीच विचारून फोनजवळ लिहून ठेवावे.

ताबडतोब न्यावे

* बोका ट्रेमध्ये कुंथतो, पण लघवी होत नाही
* तोंड उघडून श्वास घेणे
* अचानक दिसेनासे होणे किंवा मागचे पाय लुळे पडणे
* चोवीस तास काहीच न खाणे
* इन्सुलिन घेणारे मांजर लडखडणे किंवा झटके येणे : हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळून लगेच निघावे

अखेरचे दिवस

हे आजार बहुधा बरे होत नाहीत. पण योग्य देखभालीने अनेक मांजरे वर्षानुवर्षे सुखाने राहतात. कॅलेंडरवर रोज चांगला किंवा वाईट दिवस अशी खूण करावी. वाईट दिवस जास्त होऊ लागले, मांजर खाईना, जवळ येईना, तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोलावे. कॅलेंडर समोर असले की घरातल्यांचे मतभेदही कमी होतात.

एक मांजर गेल्यावर उरलेली त्याला शोधत फिरतात, कमी खातात. त्या दिवसांत आपलेही लक्ष उडालेले असते. तरी त्यांच्या औषधाची वेळ आणि आठवड्याचे वजन चुकू देऊ नये.