परसांतलीं फळझाडें आणि थंडीचा तडाखा

अंबरनाथचें शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्यें उभें राहिलें, तेव्हां उल्हास नदीच्या खोऱ्यास आंबा, फणस, जांभूळ हीं झाडें परिचित होतीं; पपई, पेरू, चिकू, काजू यांचें मात्र नांवही कोणी ऐकलेलें नव्हतें. हीं सारीं अमेरिका खंडांतलीं. त्यांतलीं बहुतेक पोर्तुगीज अमदानींत हिंदुस्थानांत आलीं आणि १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेल्यावर उत्तर कोंकणाशीं त्यांचा संबंध जडला. आज बदलापूरच्या जांभळाशेजारीं पपई उभी असते, ती परकी आहे हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित कल्याणजवळील लष्करी छावणींत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. माणसें येथें रुजलीं. सिंधचा खजूर मात्र तसा रुजणें कठीण. फळ पिकण्याच्या वेळीं त्यास कोरडी हवा लागते आणि येथें नेमका तेव्हांच पाऊस कोसळतो. झाड नव्या मुलखांत राहतें तें हवामानाच्या अटीवर.

या खोऱ्याचें भाग्य समुद्राच्या सान्निध्यांत आहे. मुंबईंत सांताक्रूझ येथें २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तरी गोठणबिंदु दूरच राहिला. घाटापलीकडे निरभ्र, निर्वात रात्रीं जमिनीची उष्णता आकाशांत निघून जाते व थंड हवा सखल जागीं सांचते. निफाडला डिसेंबर २०१८ मध्यें पारा दोन अंशांच्या आसपास आला होता. बदलापूर सागरापासून आंत असल्यानें तेथली रात्रही मुंबईहून गार असते. केळीस दंव गोठण्याची गरजच नाहीं. दहा अंशांच्या थंडीनेंही तिचीं पानें पिवळीं पडतात.

अशा वेळीं घाई किती घातक ठरते, हें फ्लोरिडानें दाखविलें. डिसेंबर १८९४ मधील कडाक्यानें तेथील संत्र्यांचीं पानें गळालीं, परंतु पुष्कळ झाडें वांचलीं. जानेवारींत ऊब येतांच त्यांनीं कोंवळी पालवी धरली, रस चढला. आणि फेब्रुवारी १८९५ च्या दुसऱ्या गारठ्यानें ऐन रसांत असलेलीं तीं झाडें मारलीं.

म्हणून थंडीनें करपलेलें झाड लगेच छाटूं नये, व भरमसाट खत घालून त्यास अकालीं पालवीही आणूं नये. करपलेलीं पानें खालच्या फांदीस आडोसाच देतात. नखानें साल किंचित् खरवडावी. आंत हिरवें असेल तर फांदी जिवंत आहे. पाणी बेतानें द्यावें, आणि थंडी पुरती सरून नवे कोंब दिसले कीं मगच मेलेला भाग काढावा. केळीचा खांब गेला तरी कंद नवा कोंब देतो. कलमी आंब्याचें मात्र पाहावें : कोंब जोडाच्या वरून आला तर हापूस हापूसच राहतो, खालून आला तर तो खुंटाचा, आणि पुढें फळ येईल तें रायवळ.